नव्वद दिवसांचा व्हिसा

म्युनिक
मार्गशीर्ष शु. 5

ती. भाऊजी आणि चि. सौ. सुमन यांस,
सप्रेम नमस्कार आणि अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. जेवते वेळेवर, थंडीचं म्हणाल तर घरात हीटर आहे. मनूचे दिवस भरत आलेत, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. आणि सुमन, नायगावात कोण म्हणतंय वहिनी तिकडेच राहणार म्हणून? व्हिसाच नव्वद दिवसांचा आहे. मला ठेवून घ्यायचं म्हटलं तरी हे सरकार ठेवून घेणार नाही.

यांच्या तिथीला तुम्ही पान वाढलंत, कावळा लगेच शिवला हे वाचून बरं वाटलं. जेवायला उशीर यांना कधी चाललाच नाही. मी इथे वरणभात करून खिडकीत ठेवला होता. इथले कावळे लाजाळू, कोणी आलं नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. इथे ट्रामला कंडक्टर नाही! दार उघडतं, माणसं चढतात, उतरतात, कोणी विचारत नाही. तिकीट आधी यंत्रातून काढायचं, मग एका छोट्या पेटीत सारायचं, ती कट्टकन् शिक्का मारते. शिक्का नसेल तर तिकीट असूनही विनातिकीट. मी जावयांना म्हटलं, पण बघतं कोण? तर म्हणे अधूनमधून साध्या कपड्यांतले तपासनीस चढतात आणि सापडलात तर 60 युरो दंड. मी रोज वाट बघते, अजून एकही चढलेला नाही. तरी शाळेतली पोरंसुद्धा पास खिशात ठेवून बसतात. यांनी जन्मभर बसची कंडक्टरी केली, यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "दादरला आणा हे, संध्याकाळी सहाला."

पण खरं म्हणजे यांना ते पटलं असतं. तुम्हाला आठवतं का, लग्नानंतर हे मला डबलडेकरने म्युझियमला घेऊन गेले? वरच्या मजल्यावर, अगदी पुढची सीट. वरचा कंडक्टर यांचाच दोस्त, तो नको नको म्हणत असताना यांनी माझं तिकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "स्टाफचा पास माझा आहे, तुझा नाही." नव्या नवरीला किती राग आला असेल बघा! त्या गाड्या 2023 साली बंद झाल्या तेव्हा टीव्हीसमोर बसून हे काहीच बोलले नाहीत, नुसता आवाज कमी केला.

2005 सालचा तो 26 जुलैही तसाच. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, यांची गाडी कुर्ल्याला पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी आले, कमरेपर्यंत चिखल. आम्ही रात्रभर दारात. आणि हे आधी कुठे गेले, तर वडाळा डेपोत कॅश भरायला! पिशवी आणि तिकिटांची पेटी डोक्यावर धरून कुर्ल्याहून चालत. मी रडून घेतलं, भांडून घेतलं. त्यावर उत्तर काय, तर "हिशेब दिल्याशिवाय झोप लागली नसती."

भाऊजी, आता एक सांगते. यांनी शपथ घातली होती, पण ती यांच्या हयातीपुरती धरते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तुम्ही साचेखात्यातले, अडीच लाखांतले एक. घरात एकच पगार. तेव्हा खुंटीवरच्या तुमच्या शर्टाच्या खिशात सकाळी दोन रुपये निघायचे ना? तुम्हाला वाटायचं आई ठेवते. ते हे ठेवत. पहाटे चारला पहिल्या पाळीला निघताना अंधारात, बांगड्या वाजतील म्हणून मला उठू न देता. कर्त्या वयाच्या भावाला चहा-विडीसाठी हात पसरायला लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून खोलीबद्दल माझा निर्णय ऐका. 160 फुटांत आपण सगळे मावलो, आता पुनर्विकासात 500 फुटांचं घर मिळणार तर त्यात वाटण्या कसल्या? भाड्याची पावती यांच्या नावावर होती, आता माझं नाव लागेल ते लागू दे, पण मी आले की वकिलाकडे जाऊन तुमचंही नाव घालू. मनूशी बोलले आहे. ती जरा गप्प झाली, पण नाही म्हणाली नाही. ते मी बघते.

सुमन, तू टिकलीबद्दल विचारलंस. लावते. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारने परिपत्रक काढलं, मग नायगावच्या बायकांना काय अडचण? चि. सौ. कां. पल्लवीच्या घाण्याला मी असते तर मुसळाला हात लावला असता, कोणी काही म्हटलं असतं तरी. आता लग्नालाच नाही म्हटल्यावर बोलायला मला तोंड नाही. काकांच्या लाडकीच्या लग्नाला काकाही नाहीत आणि काकूही नाही. पण मनूचं इथे दुसरं कोण आहे, तूच सांग.

पन्नास हजार तुमच्या खात्यावर पाठवलेत. जावयांचे नव्हेत, यांच्या फंडातले आहेत, तेव्हा परत करायची भाषा नको. माझ्या पाटल्या बँकेतून आणून गोदरेजच्या कपाटात ठेवल्यात, किल्ली सुमनला ठाऊक आहे. पल्लवीला तशाच घाला, मोडून नवीन घडवू नका, आजकाल मजुरी फार घेतात. हॉलवाल्याला उरलेले पैसे दिले की त्याच्याकडून सही करून पावती घ्या, आणि पंगतीत बुंदी कमी पडू देऊ नका.

तुमची,
वहिनी