इथेनॉलच्या हिशेबात पाणी कुठे?

संपादक महोदय,

मक्यापासून इथेनॉल करण्याच्या अमेरिकी धोरणाचा गौरव करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मक्याला हमखास गिऱ्हाईक मिळाले, हे त्यातले म्हणणे मान्य. पण या इंधनाची किंमत फक्त पंपावर मोजली जात नाही. २००७ च्या कायद्याने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट वाढवले आणि आज तिथला एक तृतीयांशाहून अधिक मका इथेनॉलकडे वळतो. आयोवा राज्यात या पिकाला घातलेल्या खतातले नायट्रेट शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात आणि तिथून नदीत उतरते. डे मॉइन शहर त्याच नद्यांचे पाणी पिते. नायट्रेट काढण्याची खास यंत्रणा तिथे १९९० च्या दशकापासून आहे. खर्च अर्थातच पाणीपट्टीतून. तरीही जून २०२५ मध्ये नायट्रेट पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या मर्यादेला टेकले आणि बागेतल्या हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. कारण दुष्काळ नव्हे, शुद्धीकरणाची क्षमता अपुरी पडली! पाणीपुरवठा संस्थेने निचरा व्यवस्था पाहणाऱ्या मंडळांवर २०१५ मध्ये केलेला दावा २०१७ मध्ये फेटाळला गेला. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला तिथल्या जलप्रदूषण कायद्यात बरीच सूट आहे, हेही लेखकाने सांगायला हवे होते.

आपल्याकडेही मक्याच्या इथेनॉलला उत्तेजन मिळत आहे आणि युरिया तर अनुदानामुळे स्वस्तच आहे. मका पिकवणाऱ्या तालुक्यांतील विहिरींच्या नायट्रेट तपासणीचे आकडे आपल्या दैनिकाने मिळवून छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे