शेवंतीच्या काकूंना

काकू,

तुमचे आणि तुमच्या कुत्रीचे, शेवंतीचे, आभार मानायचे आहेत. हे समोर बसून बोलायला गेले तर मला रडू फुटेल आणि तुम्ही "चहा टाक गं" म्हणून विषय बदलाल. म्हणून लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

माझा लेक आता 8 वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान झालं तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. त्याआधीचं दीड वर्ष "मुलगे उशिराच बोलतात" हे ऐकण्यात गेलं, आणि ते सांगणारे डॉक्टर होते. मग एका शाळेने दिवाळीच्या आतच "दुसरीकडे बघा" म्हणून सांगितलं. फी मात्र वर्षाची घेऊन झाली होती. नातेवाइकांनी आधी मोबाइलला दोष दिला, नंतर माझ्या नोकरीला. तो लिफ्टमध्ये ओरडतो हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाला, तेव्हा आम्ही दोघं तिथेच बसलो होतो आणि एकही माणूस आमच्याकडे बघत नव्हता. मी यातलं काहीही विसरलेले नाही.

तुम्ही शेवंतीला घेऊन अशा मुलांना भेटायला जाता, म्हणून तुमचा नंबर त्याच्या थेरपीच्या ताईंनी दिला. फोन लावताना माझी उत्तरं तयार होती. हो, औषध चालू आहे. नाही, चावत नाही. तुम्ही त्यातलं काही विचारलंच नाही. म्हणालात, "त्याला कुठले आवाज सोसत नाहीत?"

मी सांगत गेले. कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल. बांगड्यांचा आवाजही, म्हणून मी कधीच्याच काढून ठेवल्यात.

गुरुवारी तुम्ही नौपाड्याहून आलात. दारात शेवंती, पिवळसर लॅब्राडॉर, शेपूटही हळूच हलवणारी. तिच्या गळ्यातल्या बिल्ल्याला औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तो खुळखुळू नये म्हणून. तुम्हाला पाण्याचा पेला दिला तेव्हा तुमचे हात दिसले. मोकळे. मनगटाभोवती गोरा पट्टा आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल, सोलवटलेली कातडी. कित्येक वर्षं हातातून न निघालेल्या पाटल्या तुम्ही साबण लावून ओढून काढल्या होत्या. मी बघत राहिले तर म्हणालात, "घट्टच झाल्या होत्या गं."

तोवर सगळ्यांनी आम्हाला एकच सांगितलं होतं, त्याला सवय लावा. त्याच्यासाठी स्वतःचं काही काढून ठेवणारं घराबाहेरचं पहिलं माणूस तुम्ही. बाकी कशाहीपेक्षा मला आभार मानायचे आहेत ते या पाटल्यांसाठी.

त्या दिवशी तसं काहीच घडलं नाही. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून फरशीवर बसलात, शेवंती पंख्याखाली आडवी झाली आणि तो पडद्यामागे उभा राहिला. तिसऱ्या गुरुवारी तो पडद्याबाहेर येऊन बसला. तिने आधी हनुवटी त्याच्या मांडीवर टेकवली, मग सावकाश अर्धं अंगच त्याच्या पायांवर टाकलं. मला वाटलं, आता किंचाळणार. त्याचे खांदे खाली आले. एवढा मोठा श्वास त्याने सोडलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्या दाबाबद्दल तुम्ही नंतर समजावलंत. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. गुरांना धरून ठेवणारा पिंजरा बघून त्यांनी स्वतःसाठी तसाच अंग दाबणारा यंत्रवजा सांगाडा बनवला होता, कारण माणसाची मिठी त्यांना झेपत नव्हती. ऐकता ऐकता मला माझ्या लेकाच्या कितीतरी झिडकारलेल्या मिठ्या आठवल्या, आणि मनातलं एक जुनं दुखणं हलकं झालं.

कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्या एका ब्रीडरच्या तावडीतूनही तुम्हीच सोडवलंत. 'ऑटिझमसाठी खास लॅब्राडूडल', म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर, म्हणून तो लाखांत भाव सांगत होता आणि आम्ही एफडी मोडायला निघालो होतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ही जात 1989च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी जुळवली, तीही एका अंध बाईंसाठी, कारण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. पुढे तिचा जो बाजार झाला त्याचा खुद्द कॉनरन यांनाच पस्तावा झाला. असे मदतनीस कुत्रे तयार करणाऱ्या चांगल्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या शांत स्वभावाचे आईबाप निवडतात, पिल्लं आधी घरांत वाढवतात, दीड-दोन वर्षं शिकवतात आणि तरी त्यातली बरीच बाद ठरतात. नुसत्या जातीच्या नावावर पैसे मोजू नका, म्हणालात. आणि मुलाचा ऑटिझम कुत्रा बरा करेल असं जो सांगेल, त्याच्या दारात उभ्या राहू नका.

माझ्या नवऱ्याने मग रात्री जागून वाचलं. कॅनडात 42 मुलांवर झालेला 2010चा एक अभ्यास त्याला सापडला. प्रशिक्षित कुत्रा घरात आल्यावर सकाळी उठतानाची कॉर्टिसोलची वाढ, म्हणजे शरीरातल्या ताणाची खूण, कमी झाली होती आणि कुत्रा काही दिवस दूर नेल्यावर पुन्हा चढली होती. त्याने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

परदेशात अशा मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या जाकिटाला जोडतात. मूल पळालं की कुत्रा तिथेच बसकण मारतो. तलावपाळीला हात सुटला की आमचा थेट पाण्याकडे धावायचा, म्हणून मी तुमच्या मागेच लागले होते. तुम्ही साफ नाही म्हणालात. शेवंती भेटी देणारी आहे, तिला ते शिकवलेलं नाही, दोघांनाही इजा होईल. माझा राग सोसून तुम्ही नाही म्हणालात. आता तो तिच्या पट्ट्याचं दुसरं टोक धरतो, त्याचा एक हात माझ्या हातात असतो, आणि रंगायतनपासून मंदिरापर्यंत आम्ही चालतो. परवा तर मधेच थांबून तो तिचं पाणी पिणं बघत उभा राहिला. मागचे लोक वळसा घालून गेले, कुणी कुरकुर केली नाही.

अशी माणसं आता मला दिसू लागली आहेत. घोडबंदर रोडचा एक रिक्षावाला आम्हाला बघितलं की न सांगता गाणी बंद करतो. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी वजनं आपटत नाही, हळूच ठेवते. यांना कुठल्या कोर्सला कोणी पाठवलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी त्याने तुमच्या मनगटावरच्या गोऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, आठवतं? मी त्याला पाटल्यांचं चित्र काढून सांगितलं आहे. या गुरुवारी येताना त्यातली एक घालून या. नाही सोसलं तर काढू, साबण माझ्याकडे आहे.

तुमची,
शेवंतीच्या मित्राची आई
ठाणे