खाडे

लीड्स,
महाशिवरात्र, १५ फेब्रुवारी २०२६

ति. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हरिपूरला संगमेश्वराच्या रांगेत किती वेळ गेला? मी काल साबुदाणा भिजवला होता, पण इथल्या गारठ्यात तो सकाळपर्यंत टणकच. शेवटी रताळ्यावर भागवलं.

मंगळवारी फोनवर मी "नंतर बोलू" म्हणून विषय तोडला, तो का, ते लिहितेय. फोनवर आपण दोघी भांडतो. तू म्हणालीस, "आठवड्यातनं तीन दिवस येणाऱ्या बाईला कसली गं पगारी सुट्टी? उरलेले चार दिवस सुट्टीच की तिला!" मला हसू आलं, कारण चार महिन्यांपूर्वी मीही अगदी हेच म्हणाले होते, आणि ते मला महागात पडलं. तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आधी व्यवस्था सांगते. ओवीला सांभाळायला ज्यू नावाची बाई येते ती मंगळवार, बुधवार, गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आठवड्याचे सत्तावीस तास. तासाला पंधरा पौंड, म्हणजे आठवड्याला ४०५. तू लगेच रुपयांत गुणाकार करशील. करू नकोस, इथं दूध-बटाटेही पौंडांतच मिळतात. सरकारनं ठरवलेला कमीत कमी दर एकवीस वर्षांपुढच्या माणसाला तासाला १२.२१ आहे, एप्रिलपासून १२.७१ होईल. म्हणजे मी काही फार उदार नाही. शिवाय घरात बाई ठेवली की सरकारदरबारी मी मालक होते. नोंदणी करायची, दर पगाराला पावती द्यायची, तिच्या पगारातला कर कापून भरायचा. त्यावर माझ्या बाजूचा राष्ट्रीय विमा, आठवड्याच्या ९६ पौंडांच्या वरच्या रकमेवर १५ टक्के, आणि पेन्शनचा वाटा. सगळं धरून आठवड्याला आणखी पंचावन्न पौंड जातात. इथल्या आपल्या मंडळातल्या एकीनं सल्ला दिला होता, "कशाला डोक्याला ताप, तिला स्वतःचा धंदा दाखवायला सांग आणि रोख हातावर ठेव." पण वेळ आम्ही ठरवतो, काम आमच्या घरात, कसं करायचं तेही आम्हीच सांगतो, मग ती नोकरच झाली की आमची, धंदेवाली कुठली?

पगार ठरवताना ज्यूनं विचारलं होतं, "हातात किती पडतील?" आपल्याकडंही हेच विचारतात. मी आकडा सांगणारच होते, पण पगाराचे कागद सांभाळणाऱ्या बाईंनी मला अडवलं. ज्यू सोमवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या घरी जाते. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, पण ती सगळी सूट त्या घरात खर्ची पडली तर आमच्याकडच्या पहिल्या पौंडापासून वीस टक्के कापले जातात. हातात अमुक देईन असा शब्द दिला असता, तर तो कर माझ्या बोकांडी बसला असता. तेव्हा बोली कापाकापीच्या आधीच्या रकमेवर केली.

आता दिवाळीचं. ज्यू ऑगस्टात लागली आणि ऑक्टोबरात आम्ही दादाच्या बाळाच्या बारशासाठी तीन आठवडे सांगलीला आलो. निघायच्या आधी आठ-दहा दिवस मी तिला फोनवरच निरोप धाडला: आम्ही नाही, तेव्हा तीन आठवडे तुला यायला नको. आणि शेवटी, जणू काही विशेष नाही अशा थाटात, "त्या दिवसांचा पगार अर्थातच नसेल."

दुसऱ्या दिवशी ती आली. ओवीला जेवू घातलं, झोपवलं, आणि खाली येऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिली. कोट घातलेलाच होता. म्हणाली, "तुमचे तीन दिवस मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. तुम्ही गेलात म्हणून माझं घरभाडं थांबत नाही." आवाज चढला नव्हता, माझ्याच घशाला कोरड पडली. मी सावरायला म्हटलं, "मग तुझ्या रजेत धरूया." तर ऑगस्टपासून तिची रजा साठलेली जेमतेम चार दिवसांची, आणि आमची गैरहजेरी नऊ दिवसांची. शिवाय मालकाला आपल्या सोयीनं रजा घ्यायला लावता येते, पण जितके दिवस रजा, त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगावं लागतं. मी ते सांगितलं नव्हतं. कामाच्या अटींचा कागद पहिल्याच दिवशी द्यायचा असतो, तोही दिला नव्हता. म्हणजे चूक कुणाची हे शोधायला लांब जायला नको होतं.

मी अॅकासला फोन लावला. नोकर-मालकांना फुकट सल्ला देणारी इथली सरकारी संस्था आहे. मी साळसूदपणे विचारलं, रजेचे पैसे तासाच्या दरातच मिसळून दिले तर? पलीकडच्या बाईनं समजावलं: ज्याचे तास कधी दहा, कधी तीस असे हलतात, त्याच्यासाठी ती सोय आहे, ठरलेले तीन दिवस येणारीला नाही. तिनं रजा घ्यायची आणि त्या दिवसांचा पगार त्याच दिवसांचा म्हणून मिळायचा. नाहीतर लोक पैसे घेतात आणि रजा घेतच नाहीत.

मग बसून हिशोब केला. इथं प्रत्येकाला वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा. पाच दिवसवाल्याला अठ्ठावीस दिवस, ज्यूला ५.६ गुणिले तीन, म्हणजे १६.८. मी सतरा केले. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे: तीन दिवसांच्या बाईला तीन दिवसांच्याच मापानं रजा मिळते. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

यातली एक गंमत तुला आवडेल. इथं वर्षाला आठ सार्वजनिक सुट्ट्या, त्यातल्या बहुतेक सोमवारी. २०२६ चं कॅलेंडर बघितलं, तर ज्यूच्या तीन दिवसांत पडणारी फक्त एक, १ जानेवारी, गुरुवार. तीही होऊन गेली. बाकीच्या सातही सोमवारी नाहीतर शुक्रवारी. मी म्हणाले असते की "सार्वजनिक सुट्ट्या अधिक वीस दिवसांचं प्रमाण", तर वाटायला सगळ्यांना सारखं, आणि तिला नुसता ठेंगा. सोमवारच्या बाईला मात्र चंगळ. म्हणून सगळ्या मिळून एकच गठ्ठा, सतरा दिवसांचा. नऊ दिवस तिच्या मनानं, आठ आमच्या. त्यापलीकडं आम्ही कुठं गेलो, ओवी आजारी पडली, तू इथं आलीस आणि आम्हाला ज्यूची गरज उरली नाही, तरी पगार चालू. आजारपणाचा भत्ता आत्ता तीन दिवस सोडून मिळतो, एप्रिलपासून पहिल्या दिवसापासून मिळणार आहे. आणि पाच म्हणजे पाच. आमची गाडी लेट झाली तर तो अर्धा तास जादा तासांत. दिवाळीचे नऊ दिवस मी पूर्ण पगारानं दिले, रजेला हात न लावता. सासूबाई म्हणाल्या, डोक्यावर बसवून ठेवशील. बसली नाही. आता उलट ती स्वतःहून तारखा विचारते.

आता जरा आपल्याकडचं. रागावू नकोस.

ऑगस्ट २०१९. स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय, आणि त्यावर तुझ्या निळ्या बॉलपेननं मारलेल्या फुल्या. कामाच्या मावशी आल्या नाहीत की फुली. अशा फुल्या आपण सगळेच मारतो, त्याला खाडे म्हणतो, त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नाही. त्या महिन्यात सलग बारा फुल्या होत्या. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. मावशींच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या घरात माळ्यापर्यंत पाणी. आपण विश्रामबागेत कोरडे. पाणी ओसरल्यावर त्या वडापनं आल्या. पायांना चिखल्या झालेल्या, हाताला फिनेलचा वास. तू त्यांना चहा दिलास, पाच किलो तांदूळ दिलेस, तुझी मोरपिशी साडी दिलीस. आणि मग मला हाक मारलीस, "मनू, हिशोब कर गं."

हिशोब मी केला, आई. महिन्याचे अठराशे, भागिले एकतीस, गुणिले बारा. सहाशे सत्त्याण्णव. तू म्हणालीस, "साडेसहाशेच काप, बिचारीचं घर पाण्यात गेलंय." मी अकराशे पन्नास मोजून त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते न मोजता कमरेला खोचले.

ती साडी साडेसहाशेच्या वरची होती, हे मला माहीत आहे. तुझा जीव मोठा आहे, तांदूळ-साडी द्यायला तू कधी मागंपुढं बघत नाहीस. पण साडी तुझ्या मनावर, आणि पगार त्यांच्या हक्काचा. आपण हक्काचं कापून मनाचं दिलं. दिवाळीत बारशाला मावशी वहिनीला हसत हसत म्हणाल्या, "ताईंचा हिशोब लई पक्का." सगळे हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्यूचं प्रकरण ताजंच होतं.

म्हणून वहिनीच्या बाळासाठी मावशींच्या सुनेला ठेवताय, त्याबद्दल सांगायचंय. वहिनीची सव्वीस आठवड्यांची रजा एप्रिलात संपते, म्हणजे ठरवायला वेळ आहे. इथले नियम तिथं लावा असं मी म्हणत नाही. आपल्याकडं घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, नाव नोंदवता येतं. सुनेचं नाव नोंदलंय का ते विचार, नसेल तर दादाला कामगार आयुक्तांच्या कचेरीत पाठव. पण महिन्याला किती सुट्ट्या, पगार किती, हे त्या कायद्यात नाही. ते घरोघरी, दारात उभं राहूनच ठरतं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तोही पगाराबरोबर सुट्टीसाठीच. आणि अजून आपण "खाडा" याच शब्दात अडकलोय.

तेव्हा एवढंच करा. सून अकरा ते चार येणार, रविवार सुट्टी. महिन्याला दोन रजा तिच्या, न विचारता, न कापता. न घेतल्या तर पुढच्या महिन्यात. वहिनी मे महिन्यात ईश्वरपूरला माहेरी जाईल, ते दिवस तिचे खाडे नव्हेत; आपण बाळ घेऊन गेलो, ती कुठं गेली? नदीला पाणी आलं तर ते दिवस तर नव्हेतच. दिवाळीला एक पगार. दादा बँकेतनं यायला उशीर करतो, तेव्हा साडेचारला ती बाळाला घेऊन ताटकळत बसली तर तास लिहायचा. आणि हे सगळं एका वहीत, दोघींच्या सह्या. सुनेला वाचता येतं, दहावी झालीय ती.

तू म्हणशील, असं केलं तर कॉलनीतल्या बायका माझ्या नावानं खडे फोडतील. फोडू देत. पाटीलकाकूंना सांग, मुलीचं खूळ आहे, परदेशात राहून डोकं फिरलंय.

आणखी एक. गणपतीला आम्ही येतोय. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशीचं विसर्जन बघून, मग थोडं राहून निघू. ज्यूला तारखा आत्ताच दिल्यात: नऊ दिवस, आठ रजेतले, एक आमच्या खिशातला. तिनं डायरीत लिहिलं आणि विचारलं, भडंग आणाल का. दोन किलोचं सांगून ठेव, एक तिचं.

मावशींचे साडेसहाशे मी येताना घेऊन येते. मीच देईन. तोवर तू त्यांना काही बोलू नकोस, आणि साडी तर मुळीच देऊ नकोस.

अण्णांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझी,
मनू