विधेयक वाचायला महिना तरी द्या

महोदय,

2020 साली कर्नाटक सरकारने जमीन सुधारणा कायद्यातली 79-अ, 79-ब ही शेतकरी नसलेल्यांच्या शेतजमीन खरेदीवर बंधने घालणारी कलमे काढली, तीही आधी वटहुकमाने. तेव्हा शेजारचे काका मोबाइल घेऊन आमच्या कट्ट्यावर आले. कानडीतली बारीक अक्षरांची पीडीएफ, त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ‘आता शेतकरी नसलेला बी आपल्या रानात जमीन घेणार काय रे?’ एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर ‘होय’ होते, पण विचारायची वेळ निघून गेली होती.

डिसेंबर 2021 मध्ये तर इथेच, बेळगावच्या सुवर्णसौधात (विधिमंडळाच्या इमारतीत), धर्मांतरविरोधी विधेयक 21 तारखेला विधानसभेत मांडले आणि 23 तारखेला आवाजी मतदानाने मंजूर. कायदा बरा की वाईट, तो वाद वेगळा. पण दोन दिवसांत आमच्याकडे लग्नपत्रिकेचे प्रूफसुद्धा तपासून होत नाही!

मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे, असे केंद्राचे 2014 चे धोरण आहे. ते केंद्रीय खात्यांपुरते, आणि त्याला कायद्याचे बळ नाही. कर्नाटकाने असा नियमच करावा. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून अधिक, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तर जुनेच ठरलेले आहे. मग विधेयकाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हरकत कोणती? सध्या तिथे घरपट्टीची नोटीस तेवढी वेळेवर लागते.

— एक शेतकरी वाचक, बेळगाव तालुका