वाद्य घडवणाऱ्याचंही नाव छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात स्लाइड गिटारच्या मैफलीचा रिपोर्ट आला होता. कलाकार, तबलजी, प्रायोजक, साउंडवाले सगळ्यांची नावं होती, पण मांडीवर आडवी ठेवलेली ती गिटार कोणी बनवली त्यावर एक ओळसुद्धा नाही. मी हवाईयन गिटार, म्हणजे हीच मांडीवरची गिटार, वाजवतो, शौक म्हणून, त्यामुळे हे जास्तच खटकलं आणि लिहायला बसलो.

आपल्याकडे समज असा की साध्या गिटारचा नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच केला, तारा वर उचलल्या, हातात स्टीलचा बार धरला की झाली हवाईयन गिटार. वाजते तशीही, खोटं नाही. पण खास मांडीवर वाजवण्यासाठी घडवलेली अकूस्टिक गिटार हे प्रकरणच वेगळं आहे. लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वायसनबॉर्न म्हणून कारागीर होते, मूळचे जर्मन, त्यांनी 1920च्या दशकात हवाई बेटांवरच्या कोआ लाकडाच्या अशा गिटारी बनवल्या. त्यांच्या गिटारची मान आतून पोकळ असते, म्हणजे बॉडीच निमुळती होत होत थेट नटपर्यंत जाते आणि आतली हवा पण तिथपर्यंत जाते. बोटाने तार दाबायचीच नसल्यामुळे मान बारीक, गोल असायची गरज नाही, मग ती जागा आवाजाला देऊन टाकली! फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या उंच धातूच्या पट्ट्यांच्या, जागी नुसत्या सपाट पट्ट्या, कारण बार तारेवरून सरकतो, खाली टेकतच नाही. वरची फळी इतकी पातळ की गिटार उचलल्यावर हलकी लागते, पण तारांचा ताण तिलाच पेलायचाय, म्हणून आतून पट्ट्यांचा आधार. जरा जाड राहिली तर आवाज बसतो आणि जास्त तासली तर फुगते नाहीतर खचते, त्यामुळे कारागीर बोटाने टकटक करत, ऐकत ऐकत तासतो. हे मोजपट्टीवर शिकवता येत नाही. वायसनबॉर्न यांच्या आधी नॉर्वेहून आलेल्या ख्रिस क्नुटसन यांनीही पोकळ मानेच्या गिटारी केल्या होत्या, त्यांचं नाव तर अजूनच कमी लोकांना माहीत.

1932 च्या सुमारास इलेक्ट्रिक लॅप स्टील, म्हणजे मांडीवर वाजवायची विजेवरची गिटार, बाजारात आली आणि या गिटारींचे दिवस फिरले. पुढे कित्येक वर्षांनी डेव्हिड लिंडली, बेन हार्पर या अमेरिकन वादकांनी त्या वाजवल्या तेव्हा परत मागणी आली आणि आज जगभर छोट्या वर्कशॉपमध्ये लोक त्या नमुन्यावर एकेक गिटार हाताने करतायत. तिथे गिटारची ओळखच मुळी घडवणाऱ्याच्या नावाने होते, वायसनबॉर्न म्हटलं की वाजवणाऱ्यांना आकार डोळ्यासमोर येतो.

आणि आपल्याकडे? ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर राग वाजवून दाखवले, विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे त्यांच्या बदललेल्या गिटारला, तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा आहेत, 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, देबाशिष भट्टाचार्यांनी चतुरंगी नावाची गिटार केली. ही सगळी नावं आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. पण तरफेचा अख्खा ताण गिटारच्या बॉडीवर चढवायचा म्हणजे आतून केवढं काम करावं लागत असेल, ते करणारे हात कुणाचे, हे तुम्हाआम्हाला सांगता येईल का?

मिरजेची गोष्ट तर घरचीच. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या लोकांनी तिथे सतार-तंबोरे करायला घेतले, ते आजही पिढ्यानपिढ्या चालू आहे, आडनावच सतारमेकर झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग (त्या गावची खासियत म्हणून सरकारी मान्यता) मिळाला तेव्हा मोठ्या बातम्या आल्या, नंतर परत शांतता. मैफलीत तंबोरा छान लागला की गायकाला दाद मिळते, पण दोऱ्याच्या जागेला हात लावून, घोडी (तारा टेकतात तो भाग) तासून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, जमवणारा माणूस कधी छापून येत नाही. या कारागिरांची मुलं पुढे हा धंदा करतील का, हा प्रश्न मिरजेतही आहे, आणि नाव आणि पैसा दोन्ही नसेल तर का करावा त्यांनी?

माझी मागणी अगदी छोटी आहे. कार्यक्रमाचा रिपोर्ट लिहिणाऱ्या तुमच्या प्रतिनिधीने कलाकाराला एवढंच विचारावं की वाद्य कोणाकडून करून घेतलं, कुठल्या गावचं, जवारी कोण काढतं, आणि ते नाव बातमीत यावं. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा एखाद्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लिहिलंत तर फारच छान, फोटो मात्र वाद्याच्या आतल्या बाजूचाही टाका, बाहेरची पॉलिश सगळ्यांनी पाहिलीय.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली