वाचनालयाचे दार उघडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी, शनिवारी, अभिनेते सतीश शाह गेल्याची बातमी आली तेव्हा भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या गॅलरीतला आकाशकंदील उतरवायचा राहिला होता आणि चिवड्याचा डबाही निम्मा शिल्लक होता. घरातले कोणी गेले की भेटायला माणसे येतात, शेजारून पिठलेभात येतो. ज्यांना केवळ पडद्यावर पाहिले, त्यांच्या जाण्याचे दुःख घेऊन कोणाकडे जावे, याची मात्र काही रीत नाही. आम्ही चौदा-पंधरा जण नुसते एकमेकांना फोन करत राहिलो. रविवारी संध्याकाळी एकत्र बसावे असे ठरले, पण सुट्टीत जागा मिळेना. एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनी तर "टीव्हीवरच्या नटासाठी शोकसभा कशाला?" असे विचारून फोन ठेवून दिला. तो प्रश्न मला फार लागला.

आपल्याला फोन केला तेव्हा आपण एवढेच विचारलेत, "खुर्च्या किती लागतील?"

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. आमचे दुःख खरे आहे की नाही, याची चौकशी आपण केली नाहीत. एरंडवण्यातल्या त्या खोलीत आपण वर्तमानपत्रांची टेबले भिंतीला लावून ठेवली होतीत, उदबत्ती लावली होतीत, आणि सगळे बसल्यावर पिशवीतून ती लांब, खाकी पुठ्ठ्याची वही काढलीत.

१९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. शरद जोशींनी लिहिलेल्या त्या मालिकेत सतीश शाह दर भागात नव्या व्यक्तिरेखेत दिसत, हे आम्हाला ऐकून माहीत होते. पण पुण्यातल्या एका तरुणाने तेव्हा त्याची नोंद ठेवली असेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मिशी कशी होती, चष्मा होता का, चालण्याची ढब कोणती, बोलण्यात कुठल्या प्रांताचा हेल होता, हे सारे आपण निळ्या शाईने ओळीओळीने टिपले आहे. एका पानावर फक्त "आज चेहऱ्यावरून ओळखले नाही, आवाजावरून ओळखले" एवढेच आहे. दुसऱ्या पानावर "वीज गेली, शेवट राहिला." ही ओळ वाचताना आपण थांबलात, आणि खोलीत पहिल्यांदा हसू फुटले. तोवर आम्ही सगळे सुतकी चेहऱ्याने बसलो होतो; ज्याने उभा जन्म हसवण्यात घालवला त्याच्यासाठी जमून हसायला मात्र धजत नव्हतो.

त्याच संध्याकाळी आपण आठवण करून दिलीत की हा नट आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला होता. 'जाने भी दो यारो' या चित्रपटात ज्यांनी त्यांना डिमेलोची भूमिका दिली, ते दिग्दर्शक कुंदन शाहही तिथलेच. मी त्या रस्त्याने रोज कामावर जाते, तरी हे कधी मनात आले नव्हते. 'गंमत जंमत' चित्रपटातल्या त्यांच्या इन्स्पेक्टर फुटाण्यांवर लहानपणी पोट धरून हसलेल्या मला, ते आपलेच कोणीतरी आहेत असे का वाटायचे, याचे थोडे उत्तर त्या दिवशी मिळाले.

माझे स्वतःचे ऋण मात्र सतीश शाहांनी साकारलेल्या इंद्रवदन साराभाईंचे आहे. २००४ साली 'साराभाई व्हर्सेस साराभाई' सुरू झाली त्याच वर्षी माझे वडील गेले. आई दिवसभर बोलत नसे, पण इंद्रवदनने बायकोची, मायाची खोडी काढली की ती माझ्याकडे वळून पाहायची, मी हसते आहे का ते बघायला. सतीश शाह वाक्य टाकून झाले की चेहरा अगदी निरागस ठेवून समोरच्याची वाट पाहत. विनोदी नट पुष्कळ आहेत. असे थांबणे फार थोड्यांना जमते, असे माझे मत आहे. आईच्या पहिल्या हसण्याला त्या थांबण्याने जागा करून दिली होती. मी हे त्या खोलीत मोठ्याने सांगितले, आणि सांगताना रडले, तेव्हा आपण न बोलता पाण्याचे भांडे पुढे केलेत.

सतीश शाहांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी 'साराभाई'तल्या सहकलाकारांनी मालिकेचे शीर्षकगीत गायल्याचे नंतर कळले. काहींना ते विचित्र वाटले. आपल्या खोलीत ती संध्याकाळ काढलेल्या आम्हा कोणाला वाटले नाही.

आपण विश्वासाने दिलेल्या वहीची झेरॉक्स काढून झाली आहे. शिवण सैल झालेली पाने तशीच जपून ठेवली आहेत, चिकटपट्टी लावलेली नाही. येत्या रविवारी सकाळी, वाचनालय उघडण्याच्या वेळेला, मी आईला घेऊन येते आणि वही आपल्या हातात देते. तिला आपल्याला भेटायचे आहे.

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची एक सभासद