सर, तुमच्यामुळे आमच्या पोरी चेंडूशिवाय खेळायला शिकल्या

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण नागपुरात ज्यांच्या पहाटा बास्केटबॉलच्या मैदानावर गेल्या आहेत, त्यातले बरेच जण तुम्हाला ओळखतीलच. ओळखावंच त्यांनी.

मी मूळची कबड्डीची. शाळेने मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे दिला तेव्हा नियम पाठ होते: 28 बाय 15 मीटरचं कोर्ट, 3.05 मीटरवर रिंग, 24 सेकंदांत शॉट, मुलींना 6 नंबरचा चेंडू. सराव कसा घ्यायचा ते मात्र कुणाला विचारावं कळत नव्हतं. तुमच्याकडे आले ती चार-पाच प्ले, म्हणजे आधी ठरवलेल्या चाली, मागायला. तुम्ही एकही दिला नाहीत. म्हणालात, "आधी ड्रिबल बंद करा."

अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन, ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, अजिबात नाही. पास दिला की रिंगकडे कट मारायचा, म्हणजे झटकन धाव घ्यायची, आणि रिकामी झालेली जागा शेजारच्या मुलीनं भरायची. एवढंच. आमच्या पोरी चेंडूभोवती गोळा व्हायच्या, म्हणून तुम्ही खडू घेऊन सिमेंटवर चार-चार पावलांवर गोल काढलेत. दोघी जवळ उभ्या राहिल्या तर एकच बचावपटू दोघींना पुरते, हे मग त्यांना न सांगताच दिसलं. "काऊन उभी रायली वं, कट मार नं!" ही तुमची हाक आता पोरीच एकमेकींना देतात.

मग बॅकडोअर. बचाव करणारी पासच्या वाटेत हात घालून आली, तर चेंडूकडे एक पाऊल टाकून तिच्या पाठीमागून रिंगकडे निघायचं. आमच्या पोरी उंचीनं कमी, याची मला फार चिंता होती. तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाची 1996 ची गोष्ट सांगितलीत: प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या या संघानं कॉलेज स्पर्धेत गतविजेत्या यूसीएलए विद्यापीठाला 43-41 असं हरवलं आणि निर्णायक बास्केट अशाच बॅकडोअर कटवर झाली. गोष्ट ऐकून आमची सगळ्यात बुटकी पोरगी जे सुटली, ती अजून थांबलेली नाही.

स्क्रीन, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभं राहून आपल्या मुलीला मोकळं करणं, तुम्ही सगळ्यात शेवटी शिकवलीत, आणि मला वाटतं तोच क्रम बरोबर आहे. स्क्रीन देणारीनं पाय रोवून थांबायचं, हलत राहून धडकली तर फाउल तिचाच. कट मारणारीनं तिच्या खांद्याला खांदा घासून जायचं, मध्ये फट ठेवायची नाही. दोन्ही बचावपटू कट मारणारीमागे धावल्या की स्क्रीन देणारीच मोकळी सुटते, म्हणून तिनं लगेच चेंडूकडे वळायचं. हे समजल्यावर पिक अँड रोल, म्हणजे चेंडूवालीला स्क्रीन देऊन लगेच रिंगकडे वळणं, वेगळा शिकवावाच लागला नाही.

सरावाची आखणी हा तुमचा सगळ्यात मोठा उपकार. रांगा मोडायला लावल्यात. आधी एक पोरगी शॉट मारायची आणि बाकीच्या पाहायच्या. आता प्रत्येक रिंगखाली दोघी-दोघी मायकन ड्रिल, म्हणजे रिंगजवळून सलग शॉट, करतात, उजव्या हातानं, लगेच डाव्या हातानं, चेंडू हनुवटीखाली न आणता. फ्री थ्रो सुरुवातीला नाही, धावून दम लागल्यावर, कारण सामन्यात ते तसेच मारावे लागतात. आणि मे महिन्यात ऊन चढायच्या आत सराव आटोपायचा, पाण्यासाठी शिटी वाजलीच पाहिजे, यात तुम्ही कधी सवलत दिली नाहीत.

मानधनाचं विचारलं की तुम्ही विषय बदलता. एका पोरीचं खेळणं घरचे बंद करणार होते, तेव्हा तुम्ही स्वतः तिच्या बाबांशी जाऊन बोललात, हे मला तिच्याकडूनच कळलं. ती आज आमची पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी, आहे. सर, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही. मनापासून मानते.

आता एक मागणं आहे. समोरचे संघ आमच्याविरुद्ध 2-3 झोन, म्हणजे पुढे दोघी आणि रिंगजवळ तिघी अशा जागा वाटून केलेला बचाव, लावायला लागलेत. फ्री थ्रो लाइनच्या मधोमध एक पोरगी आणून तिच्याकडे पास द्यायचा, एवढं आम्ही करतो. पण तिथून चेंडू कोपऱ्यात द्यायचा की रिंगखाली, यावर पोरींमध्ये रोज वाद होतो. येत्या शनिवारी सकाळी साडेपाचला याल का? चेंडूंमध्ये हवा भरून ठेवते.

तुमची,
शाळेची क्रीडाशिक्षिका, नागपूर